वेरूळच्या दगडात शंख का नाहीत?

डेव्होनियन समुद्रातले शिंपले नि ट्रायलोबाइट जमवणारे छंदिष्ट परदेशात पुष्कळ. तो काळ सुमारे 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीचा. मग छत्रपती संभाजीनगरच्या डोंगरात तसं काही का सापडत नाही?

कारण आपला खडक समुद्राच्या गाळाचा नाहीच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा तो बेसाल्ट. हजार अंशांहून तप्त रसात जीव टिकणार कुठला? दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात मात्र गोगलगायी उरल्या. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म प्रसिद्ध आहेत. पण त्या गोड्या पाण्यातल्या.

आपल्याकडचा खरा खजिना वेगळा. लाव्हा थिजताना आतल्या वायूने इडलीसारखी जाळी पडली. पुढे खडकातून झिरपणाऱ्या कोमट पाण्याने बेसाल्टमधलं सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून आणलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढू लागले. मुख्यतः झिओलाइटचे.

ओळखायला सोपा स्टिलबाइट: पेंढी मधोमध बांधल्यासारखे, बहुधा गुलाबी-केशरी झुबके. चौकोनी, टोकदार, काचेसारखा तो अपोफिलाइट. शेजारी राहतो, पण झिओलाइट नव्हे. कॅल्साइटचा संशय आला तर चुऱ्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील.

सुरुवात सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयापासून करावी. आणि लेण्यांच्या आवारात हातोडी काढायचीच नाही. शोधायचं ते मालकाला विचारून, विहिरीच्या नाहीतर खाणीच्या ढिगाऱ्यात.