हौसेला मोल नाही, पण खतपाणी हवे

सहामाही परीक्षेनंतरच्या पालकसभेत नववीतल्या एका मुलाचे अब्बा आमच्यासमोर येऊन बसले. त्यांचे शिलाईचे दुकान आहे. म्हणाले, "सर, पोरगा रात्री बारापर्यंत लॅपटॉपवर असतो. गेम खेळत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. काहीतरी प्रोग्राम लिहितो म्हणे. त्याचा ना पैसा, ना मार्क. मग करतो कशासाठी?"

गणितात मुलाचे गुण खरोखरच घसरले होते. आम्हीही मान डोलावली आणि मुलाला बजावले, "आधी अभ्यास, बाकी सगळं नंतर." त्याच रात्री लॅपटॉप कपाटात गेला.

मात्र अब्बांचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. कोणी पगार देत नाही, परीक्षेत विचारले जात नाही, तरी माणसे रात्ररात्र जागून प्रोग्राम का लिहितात? आम्ही याविषयी वाचू लागलो, तेव्हा कळले की आज जग ज्यावर चालते त्यातल्या कितीतरी गोष्टींची सुरुवात अशाच हौसेतून झाली आहे.

१९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅममध्ये गिडो व्हॅन रॉसम नावाच्या प्रोग्रामरला नाताळच्या सुट्टीत रिकामे बसवेना. वेळ जावा म्हणून त्याने एक नवी संगणकभाषा लिहायला घेतली. तीच पायथन. आज आपली मुले शाळा-कॉलेजात ती शिकतात. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने, आपण हौस म्हणून एक छोटी संगणकप्रणाली लिहीत आहोत, ती काही फार मोठी होणार नाही, असे इतरांना कळवले होते. तुम्हाला त्यात काय हवे, असेही विचारले होते. ती लिनक्स. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन तिच्याच पायावर उभा आहे.

आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते बांगलादेशातले उदाहरण. मेहदी हसन खान हा मैमनसिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी. संगणकावर आपली बांगला भाषा सहज लिहिता येत नाही, ही त्याची खंत. इंग्रजी कळा दाबत उच्चाराप्रमाणे लिहावे आणि पडद्यावर बांगला अक्षरे उमटावीत, असा प्रोग्राम तो वसतिगृहाच्या खोलीत बसून घडवत राहिला. २६ मार्च २००३ रोजी, बांगलादेशच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने तो लोकांसमोर ठेवला. नाव 'अभ्र'. किंमत काहीच नाही. पुढे आणखी तरुण त्याला येऊन मिळाले. कोणी अक्षरांचा फॉन्ट बनवला, कोणी इतर प्रकारच्या संगणकांवर तो चालेल असे केले. २०२५ मध्ये बांगलादेश सरकारने एकुशे पदक हा मोठा सन्मान मेहदी आणि त्याच्या तीन साथीदारांना मिळून दिला. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांच्या प्रश्नपत्रिका टाइप करताना आमची जी दमछाक होते, ती आठवली की या कामाचे मोल लगेच कळते.

या माणसांना टिकवून धरले कशाने? आम्हाला चार गोष्टी दिसतात.

पहिली, स्वतःची गरज. बोचणारा काटा स्वतःच्या पायातला असला की माणूस तो काढल्याशिवाय राहत नाही. दुसरी, लहान लहान यश. प्रोग्राम चुकला तर लगेच कळते, दुरुस्त केला की लगेच चालतो. त्या क्षणाचा आनंद काय असतो, हे अवघड गणित सुटलेल्या मुलाला विचारावे. म्हणूनच अनुभवी लोक सांगतात, सगळे एकदम बांधायला जाऊ नका. आधी एक छोटी गोष्ट चालवून दाखवा, मग पुढची घ्या. तिसरी, वापरणारा माणूस. आपण केलेल्या वस्तूने एकाचे जरी काम हलके झाले, तरी दहा रात्रींचा शीण उतरतो. चौथी, सोबत. अडलेल्या जागी बोट धरणारा कोणी असला की काम सुटत नाही.

हौस मरते कशी, हेही पाहायला हवे. "यातून किती मिळणार?" हा प्रश्न रोज विचारला की मरते. शेजारच्या मुलाशी तुलना केली की मरते. स्वप्न फार मोठे आणि पहिले पाऊल फार दूर असले तरी मरते. आणि झोप, अभ्यास, घर सगळे विसरून कोणी तिच्यात बुडाला, तर शरीरच थकते आणि हौस आपोआप आटते. अब्बांची काळजी खोटी नव्हती. आमचा सल्ला मात्र अर्धाच होता.

मुलगा काय लिहीत होता, हे त्या सभेत आम्ही विचारलेच नव्हते. ते कळले रमजानच्या पहिल्या आठवड्यात. दुकानात ईदच्या कपड्यांची गर्दी. एका जुन्या गिऱ्हाइकाचे माप हवे होते आणि मापांची जुनी वही सापडेना. मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, माझ्याकडे आहे." कपाटातून लॅपटॉप निघाला. दुकानाच्या जुन्या वह्यांमधली मापे त्याने प्रोग्राममध्ये भरून ठेवली होती. नाव टाकले की छाती, बाही, उंची सगळे समोर. अब्बा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एका नावाची चार-चार माणसं येतात. मोबाइल नंबरावरून शोधता येईल का?"

मुलाने हे आम्हाला शाळेत येऊन सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. चार महिने बंद पडलेले काम त्या एका प्रश्नाने पुन्हा सुरू झाले.

गणितात तो अजून पहिला आलेला नाही. घरात आता ठरले आहे, अभ्यास आटोपल्यावर एक तास लॅपटॉप आणि दहा वाजता बंद. आम्हीही शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याच्याजवळ बसतो. प्रोग्राममधले आम्हाला फारसे कळत नाही. तो समजावतो, आम्ही ऐकतो.

आपल्या घरातही असे कोणी मूल असेल. मुलगी असेल तर तिच्या हौसेला वेळ आणखी कमी मिळत असेल. आज रात्री जेवणानंतर तिच्याजवळ बसा आणि एवढेच म्हणा, "काय बनवतेस, दाखव बरं."