सांडशी कुणाच्या हातात?

‘‘काकू, मले शिवणक्लास नाही पाह्यजे. मले इळा बनवाचा आहे!’’

आमच्या गल्लीतली सोळा वर्षांची पोर मला असं म्हणाली आणि मी चक्क हसले. खोटं कशाला सांगू? बचत गटाचं काम करता करता माझ्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय. गरजू मुलगी दिसली, की शिवणयंत्र!

घर लोहाराचं. पण बाजारात तयार विळे आले, कामं कमी झाली आणि वडील बांधकामावर नागपूरला गेले. ऐरण केव्हाच विकली गेली. चामड्याचा भाता फाटून परसात पडलेला. आई धानाच्या बांधीत मजुरीला जाते. तीच माझ्याकडे आली. ‘‘ताई, तुम्हीच समजवा हिले. माह्या हाताचे घट्टे पाहा. दहावी झालेल्या पोरीनं काहून आगीपुढं बसावं?’’

मी समजवायला गेले आणि बघत उभी राहिले.

पोरीनं काय काय जमवलं होतं! ऐरणीऐवजी भंगारवाल्याकडचा लोखंडाचा जाड ठोकळा, लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवलेला. भात्याऐवजी हातानं फिरवायचा पंखा. मातीनं लिंपलेला खड्डा, लाकडी कोळसा, एक किलोभराची हातोडी आणि आजोबांची सांडशी. आपल्या चुलीजवळची नव्हे, हातभर लांब दांड्यांची. हायवेवरच्या गॅरेजमधून ट्रकच्या तुटक्या कमानपाट्याचा तुकडाही आणलेला. एवढ्यात लोहारकाम सुरू होतं, हे मला तरी माहीत नव्हतं.

मग मीही अटी घातल्या. काम उघड्या छपरीतच करायचं, कोळशाचा धूर बंद खोलीत जीव घेतो. नायलॉनची ओढणी नको, सुती कपडे, पायात बूट, डोळ्यांना चष्मा. पाण्याची बादली जवळ. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालायचा नाही, त्याच्या धुरानं माणूस तापानं फणफणतो.

पहिले पंधरा दिवस तिनं फक्त सळईचे आकडे बनवले. तापव, टोक काढ, वाकव. पहिला आकडा शेंगेसारखा वेडावाकडा, दहावा मात्र माझ्या स्वयंपाकघरात आजही टांगलेला आहे!

मग विळा. चार संध्याकाळी ठोकून पातं घडवलं, लालभडक तापवलं आणि सगळंच्या सगळं गार पाण्यात बुडवलं. टण्ण! पात्याला आरपार तडा. पोरीच्या डोळ्यांत पाणी.

दारात आई उभी होती. इतके दिवस एक शब्द न बोललेली. म्हणाली, ‘‘सगळा नको बुडवू. नुसती धार बुडव, काढ, घासून रंग पाह्य. वाळल्या तणसासारखा पिवळा झाला का मंग थंडा कर.’’

मी थक्क! ‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘वीस वर्सं घण घेऊन समोरच तं उभी होती, ताई. कोणं विचारलंच नाही.’’

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या गावांत पालं टाकून विळे-कुऱ्हाडी घडवणारी घिसाडी कुटुंबं तुम्हीही पाहिली असतील. तो बसून सांडशीत लोखंड धरतो, ती उभी राहून घण घालते. जड काम तिचं, पण लोखंड कुठं फिरवायचं, कुठं थांबायचं, हे सांडशी धरणारा ठरवतो. म्हणून लोहार म्हणायचं त्यालाच! नागपूर जिल्ह्यात नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी सापडली. त्या भट्टीपुढेही कुणी बाई राबली असेल का, असं हल्ली मनात येतं.

दुसऱ्या विळ्याच्या वेळी पोरीनं सांडशी धरली आणि आईनं घण उचलला. ‘हाण’ म्हणायची पोर, हाणायची आई. संध्याकाळच्या अंधारात, कारण तापल्या लोखंडाचा रंग उजेडात नीट कळत नाही. विळा तडकला नाही. यंदाच्या कापणीत आमच्या गटातल्या एका बाईनं तो वापरला.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पण वय १८ पूर्ण हवं आणि लाभ घरातल्या एकालाच. पोर अजून लहान. तिला मी म्हटलं, तोवर आयटीआयमध्ये वेल्डर किंवा फिटरचं बघ. म्हणाली, ‘‘बघतो, पण भट्टी नाही सोडणार.’’ मग आईचंच नाव घालायचं ठरलं.

सेवा केंद्रात मुलानं विचारलं, ‘‘काम काय करता?’’ सवयीनं ती बोलली, ‘‘काही नाही जी, मजुरी.’’

मागून पोर म्हणाली, ‘‘लोहारकाम लिहा.’’

आईनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग घट्टे पडलेला अंगठा पुसला आणि त्या यंत्रावर ठेवला.