जू, सापत्या आणि वेसण : हंगामाआधी एकदा तपासून घ्या



ट्रॅक्टर आले, ट्रक आले, ऊस तोडणारी यंत्रेही शिवारात फिरू लागली. तरी पाणंदीतल्या चिखलातून आणि पाटाच्या कडेने ऊस बाहेर काढायची वेळ आली की बैलगाडीच आठवते. उसाच्या जाती, लागणीच्या तारखा, खताचे हप्ते यांवर या पानांतून पुष्कळ लिहून होते. बैलाच्या खांद्यावर काय ठेवले आहे आणि नाकातून काय ओवले आहे, यावर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून या अंकात तोच विषय घेतला आहे.

कोणी म्हणेल, साहेब, बैल टोळीवाल्याचा, आमचा त्यात काय संबंध? संबंध आहे. बैलाचा खांदा आला की जोडी आठ-पंधरा दिवस बसते. टोळीची एक गाडी कमी होते आणि तुमचा तोडलेला ऊस फडातच वाळतो. तोडल्यावर ऊस जितका लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत, गव्हाणीत पडेल तितके चांगले. पुढे वजनही घटते आणि साखरही उतरते. वजन घटले तर तुमचे नुकसान, उतारा घटला तर आपल्या सगळ्यांचे. बीड-जालन्याकडून बायकापोरांसह आलेल्या माणसाचे तर पोटच त्या दोन बैलांवर असते. उचल घेऊन आलेला असतो तो.

आधी जू. बैल जू छातीने ढकलत नाही, वशिंडाच्या पुढच्या मानेवर घेऊन ओढतो. म्हणजे गाडीची ओढ आणि गाडीचा पुढचा भार, दोन्ही त्या चार-सहा बोटे जागेवर येतात. समजा एका बैलाच्या मानेवर ४० किलोचा दाब आहे आणि जू ४० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते आहे. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो झाला. तेच जू रुंद, सपाट करून ८० चौरस सेंटिमीटरवर टेकवले तर दाब निम्मा होतो. बैल तोच, ओझे तेच, फरक फक्त सुताराच्या रंध्याचा. जुन्या जुवांचा मानेवरचा भाग घासून गोल झालेला असतो, कधी कधी धारच आलेली असते. तिथे हात फिरवून बघा. तुमच्या तळव्याला जे टोचते ते बैलाच्या मानेला दहा तास टोचत असते. गाठ, चीर, वर आलेला खिळा असे काही दिसले तर ते जू रंधून घ्यावे. चिरलेले असेल तर सरळ सरपणात घालावे, तारेने आवळून वापरू नये.

पुष्कळ जण जुवाखाली पोते गुंडाळतात. हेतू चांगला, पण पोते घामाने भिजते, वाळून कडक होते, त्याच्या घड्या पडतात आणि त्या घड्याच मान सोलतात. गादी करायचीच तर जुवाला पक्की शिवून, बिनघडीची करावी आणि रोज संध्याकाळी काढून वाळवावी. हे होणार नसेल तर गुळगुळीत लाकूड बरे.

दुसरी गोष्ट जोडीची. एक बैल उंच आणि एक बुटका असेल तर जू कलते आणि चालताना सारखे सरकत राहते. सरकणारे जू दाबणाऱ्या जुवापेक्षा वाईट. ते कातडे खरवडते. जोडी घेताना आपण शिंगे बघतो, रंग बघतो, खिल्लार असेल तर डौल बघतो. त्याआधी दोघांना शेजारी सपाट जागेवर उभे करून वशिंडापुढची उंची बघावी. पाठीची उंची बघून फसगत होते.

ताकदीत फरक असेल तर त्याला आपल्या वाडवडिलांनी उपाय करून ठेवलाच आहे. धुरा जुवाच्या बरोबर मधोमध बांधली तर दोघांना सारखी ओढ. ती एका बाजूला दोन बोटे सरकवली तर जो बैल धुरेच्या जवळ आला त्याच्यावर ओढ जास्त पडते आणि लांबच्याला हलके जाते. म्हणून नव्या किंवा कमजोर बैलाच्या बाजूला जुवाचा हात लांब ठेवतात. पण कित्येकदा दोर सैल होऊन धुरा आपोआप सरकलेली असते, आणि गाडीवान म्हणतो की अमुक बैल अंग चोरतो. आधी दोरी बघा, मग बैलाला नावे ठेवा.

आता सापत्या. शिवळांना अडकवून गळ्याखालून जाणारा हा पट्टा जू जागेवर ठेवण्यासाठी असतो. त्याने ओढायचे नसते. बैल जुंपल्यावर सापती आणि गळा यांच्यामध्ये चार बोटे आडवी सहज जायला हवीत. त्याहून घट्ट असेल तर चढावर बैल घोरू लागतो, जीभ बाहेर काढतो. फार सैल असेल तर जू वशिंडावर चढते. शिवळांमधले अंतरही मानेला दोन्हीकडे दोन-दोन बोटे सुटतील इतके असावे. सापती चामड्याची किंवा रुंद सुती पट्ट्याची घ्यावी. बारीक नायलॉन दोरीची सापती स्वस्त पडते खरी, पण ती कातड्यात रुतते. घाम लागला की आणखी.

इथे गाडी भरण्याचा प्रश्न येतो आणि तो थेट तुमच्या फडातला आहे. मोळ्या मागे जास्त रचल्या की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते, जू मानेवरून उठते आणि सापती गळा दाबते. मोळ्या पुढे जास्त आल्या की सगळे ओझे मानेवर बसते. चाकाच्या आसावर भार तोलून, पुढच्या अंगाला थोडेसेच वजन राहील अशी गाडी भरावी. भरून झाल्यावर एका माणसाने धुरा हाताने उचलून बघावी. अजिबात हलली नाही तर पुढे जादा आहे, आणि हात लावताच वर गेली तर मागे जादा. ‘एवढी उरलेली टाका वरती, पुन्हा खेप नको’ असे जे आपण बांधावर उभे राहून सांगतो, त्याचा हिशेब बैलाची मान देते.

मानेवरचा हा भार कमी करण्यासाठी राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली गाडीच्या पुढच्या अंगाला एक आधाराचे चाक बसवून दाखवले होते. त्याला त्यांनी ‘सारथी’ नाव दिले. भार चाकावर जातो, बैलाला फक्त ओढायचे राहते. कल्पना साधी आहे, गावच्या वेल्डरला समजण्याजोगी आहे.

वेसणीकडे येऊ. घोड्याला लगाम तोंडात आणि बैलाला वेसण नाकात, असे का? घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते, लगामाची कडी तिथे हिरडीवर बसते. बैल रवंथ करणारा. उभा राहिला की त्याचे तोंड चालू, त्यात लोखंड ठेवून कसे चालेल? म्हणून नाकपुड्यांमधल्या पडद्याचा आधार घेतला. ही जागा फार हळवी आहे, म्हणून तर एवढे मोठे जनावर एका कासऱ्यावर वळते. आणि म्हणूनच तिथे बेताने वागावे लागते.

आपल्याकडे काही सभासद घोडाही बाळगतात, म्हणून दोन शब्द त्याच्याविषयी. कडी जाड आणि गुळगुळीत असावी. बारीक कडी जास्त कापते. तोंडाच्या रुंदीपेक्षा ती दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर यावी. बसवल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एखादी सुरकुती पडावी, चार पडल्या तर पट्टा ताणलेला आहे. गळ्याखालच्या पट्ट्यात चार बोटे जावीत. काटेरी कडी वापरू नये. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी अणकुचीदार कडी, खिळे असलेले जू आणि टोकदार काठी यांना मनाई केली आहे. पराणीची आरही त्यात आलीच.

वेसण टोचायची ती नाकाच्या मऊ पडद्यातून, कूर्चेच्या पुढून. फार पुढे टोचली तर पुढे-मागे नाक फाटते, फार मागे गेली तर कूर्चा दुखावते आणि जखम चिघळते. गोठ्यातल्या सुळ्याने किंवा दाभणाने हे काम करू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात जागा बधिर करून, स्वच्छ हत्याराने करून मिळते. जखम पूर्ण भरेपर्यंत त्या दोरीला ओढ देऊ नये, नुसती घालून ठेवावी. वेसण सुताची, मऊ पिळाची असावी. नायलॉन इथेही नको, ते करवतीसारखे चालते. पोळ्याला, बेंदराला आपण नवी वेसण, नवी म्होरकी घालतोच. तेव्हाच जुनी काढताना नाकाच्या भोकाकडे नीट बघावे. कड लाल, ओली किंवा लांबट झालेली असेल तर नवी वेसण थांबवावी आणि काही दिवस म्होरकीवर भागवावे.

म्होरकी नाकाच्या हाडावर बसली पाहिजे, नाकपुड्यांच्या वरच्या मऊ भागावर नव्हे, नाहीतर श्वास कोंडतो. तिच्यात दोन बोटे जावीत. शिंगांच्या बुडाशी दोर आवळून बांधू नये. शिंगाचा कॅन्सर आपल्याकडच्या बैलांत आढळतो, आणि बुडाशी होणारे सततचे घर्षण हे त्याच्या संशयित कारणांपैकी एक आहे. बैल डोके झटकत असेल, एक शिंग कलले असेल, त्याच बाजूच्या नाकातून रक्त येत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवावे. बैल गोठ्यात बांधायचा तो गळ्यातल्या दाव्याने. वेसणीला बांधलेला बैल रात्री दचकून उठला की सकाळी नाक फाटलेले दिसते, आणि फाटक्या नाकाच्या बैलाला बाजारात निम्मी किंमत येत नाही.

कासरा धरण्याबद्दल एवढेच की ओढ थोडी द्यावी आणि बैल वळला की लगेच सैल सोडावी. तो शिकतो ते सैल सोडण्यामुळे. सतत ताणलेला कासरा त्याला काहीच सांगत नाही. काही दिवसांनी तो बधिर होतो, मग गाडीवान झटके देऊ लागतो. आवाजावर चालणारी जोडी तयार व्हायला वेळ लागतो, पण अशा जोडीचे नाक दहा वर्षे जसेच्या तसे राहते.

कामाच्या वेळेबद्दलही त्याच १९६५ च्या नियमांत आहे. दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे लक्षात ठेवावे. काट्यावर गाड्यांची रांग लागली असेल तर बैल सोडून, धुरेला टेकू लावून थांबावे. जुवाखाली उभा असलेला बैल विश्रांती घेत नाही.

नवे बैल पहिल्याच आठवड्यात खांदेसुजीने बसतात, कारण मानेचे कातडे अजून तयार झालेले नसते. हंगामाआधी दोन-तीन आठवडे रिकामी गाडी, मग थोडे ओझे, असे चढवत न्यावे. खांदेमळणीला आपण लोणी-हळद लावून मान चोळतो. ते वर्षातून एकदा न करता रोज संध्याकाळी गाडी सोडल्यावर मान धुऊन हात फिरवला, तर गरम जागा, ओल, केस गेलेला पट्टा त्याच दिवशी हाताला लागतो.

सूज दिसलीच तर त्या दिवसापासून जू बंद. पहिल्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या, नंतर कोमट मिठाच्या पाण्याचा शेक. डाग देऊ नये, जळके ऑईल लावू नये. जखम असेल तर माश्या बसू देऊ नयेत, आळ्या पडायला वेळ लागत नाही. गळू झाले असेल तर ते घरी फोडू नये, पिकल्यावर डॉक्टर चीर देतात. सूज पूर्ण उतरून, दाबल्यावर बैल मान काढून घेत नाही इतपत झाल्याशिवाय जुंपू नये. अर्धवट बऱ्या खांद्यावर पुन्हा जू ठेवले तर तिथे कायमची कडक गाठ होते, आणि मग तो बैल गाडीच्या कामाचा राहत नाही.