रक्त थांबते कसे?

भातकापणीच्या दिवसांत मुळशीच्या खाचरांत विळा बोटाला लागणे नित्याचेच. जखम लहान असेल तर रक्त काही मिनिटांत आपोआप थांबते. हे कसे घडते, ते विद्यार्थी मित्रांसाठी आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिचे आतले अस्तर धड असते तोवर रक्त न गोठता वाहते. ती कापली जाताच तिच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतात व रक्ताची वाट अरुंद होते. मग अस्तराखालच्या उघड्या पडलेल्या तंतूंना रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट्स, चिकटतात व तात्पुरते बूच बनते. एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. त्यानंतर रक्तातील प्रथिने एकामुळे दुसरे अशी क्रमाने कार्यान्वित होतात. शेवटी फायब्रिनचे धागे तयार होतात आणि त्यांच्या जाळ्याने बूच पक्के होते.

तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद येथे आठवतो. कारण नसेल तर कार्य नाही. या साखळीतील आठवा घटक जन्मतः कमी असला की हिमोफिलिया हा आजार होतो. तो बहुधा मुलग्यांत दिसतो. त्यात मागील जन्माचे पाप नाही की कोणाची करणी नाही. कमी असलेला घटक शिरेतून देता येतो.

घोणस किंवा फुरसे चावल्यावर विषामुळे हीच प्रथिने खर्ची पडतात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. दवाखान्यात रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विषाचा परिणाम झाल्याचे समजते व प्रतिविष देतात. मांत्रिकाच्या दारी गेलेला वेळ परत मिळत नाही.

म्हणून एवढे ध्यानात ठेवावे. जखमेवर स्वच्छ फडके दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. सारखे उचलून पाहू नये, कारण बनत आलेले बूच निघते. चुना, तंबाखू, माती लावू नये. रक्त उसळून येत असेल तर दाब न सोडता दवाखाना गाठावा. सर्पदंशात दोरी आवळू नये, चिरा देऊ नये; हातपाय न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

कारण समजले की भीती जाते आणि उपाय सापडतो. धम्माची शिकवण तरी याहून वेगळी कोठे आहे?