झोपेतला रियाज

झेब्रा फिंच नावाचा पिटुकला पक्षी पाहिलाय कधी? लालकेशरी चोच, नराच्या गालावर तांबूस ठिपका. मूळचा हा ऑस्ट्रेलियाचा. यांच्यात गातो तो नरच. छोटे नर बाबांचं ऐकून ऐकून, चुकतमाकत गाणं शिकतात.

२००० साली शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी झोपलेल्या फिंचच्या मेंदूत काय चाललंय ते तपासलं. आणि गंमत पाहा! जागेपणी गाताना मेंदूतल्या पेशी विजेचे इवले इवले संकेत देतात ना, तसेच्या तसे संकेत झोपेतही सुरू होते. चोच बंद, आवाज शून्य, पण आत रियाज चालू!

उंदरांचंही तसंच. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं, की उंदीर फिरत असताना त्याच्या मेंदूतल्या ज्या पेशी जोडीने जाग्या होतात, त्याच नंतर गाढ झोपेतही जोडीने जाग्या होतात. म्हणजे स्वारी घोरतेय आणि मेंदू पुन्हा त्याच वाटेवर!

या पेशी असतात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. तो तुमच्याही मेंदूत आहे. दिवसभरात शिकलेलं नवं काही आधी तिथे थांबतं. मग गाढ झोपेत त्याची उजळणी होते आणि ते मेंदूच्या इतर भागांत पक्कं बसतं. आता सांगा, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काय मिळणार? उजळणीचा तासच बुडणार!

आणि आजोबांची वामकुक्षी? तीही कामाची. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांबच्या प्रवासातल्या वैमानिकांना ४० मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. (घाबरू नका, तेवढा वेळ विमान त्यांचे सोबती चालवत होते!) सरासरी २६ मिनिटांची डुलकी लागली, आणि हे वैमानिक न झोपलेल्यांपेक्षा जास्त तरतरीत राहिले. पण डुलकी छोटीच हवी हं. तासभर झोपलात, की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग संध्याकाळी पाच वाजता ‘अगं आई, शाळेला उशीर झाला!’ म्हणत धडपडायची वेळ येते.

खरी भिस्त मात्र रात्रीच्या झोपेवरच. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, तीही ठरलेल्या वेळी. कारण मेंदूत एक घड्याळ आहे. ते उजेडावरून आपली वेळ जुळवतं. रोज वेगळ्या वेळी झोपलात, तर ते गोंधळतं.

करून पाहा : टिमुप, गेफळ, झोबुक असे दहा निरर्थक शब्द रात्री झोपताना पाठ करा आणि आठ तासांनी, सकाळी आठवा. दुसऱ्या दिवशी नवे दहा शब्द सकाळी पाठ करा आणि आठ तासांनी, दुपारी आठवा. मधे झोपायचं नाही! १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असाच प्रयोग झाला होता, आणि झोपेनंतर जास्त शब्द आठवले होते. तुमचे किती आठवतात, वहीत लिहा. पण एकदाच करून निकाल लावू नका. शब्द बदलून चार-पाच वेळा करा, घरातल्या मोठ्यांनाही बसवा. बघू या, कोण जिंकतं!