चुकलेला ठोका

भीती वाटली की आपण म्हणतो, “काळजाचा ठोका चुकला.” पण काही माणसांचा ठोका भीती नसतानाही रोज चुकतो. मी त्यातलाच एक.

डोंबिवली स्टेशनचा पूल चढून वर आलो होतो. छातीत काही तरी उलटल्यासारखं झालं. एक ठोका आलाच नाही. मग एकदम धाडकन आला. असं पाच-सहा वेळा झालं. वाटलं, संपलो आपण! घरी बोललो नाही. महिनाभर ठाण्याला मुलीकडे जाणं बंद केलं. गाडीत पडलो तर? शेवटी सौ.ला कळलं. तिनं डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो काही सेकंदांचाच असतो. तेवढ्यात चोर सापडला नाही. मग होल्टर नावाचं लहान यंत्र चोवीस तास छातीला लावलं. त्यात दिसलं, दिवसाला ३ हजार ठोके अवेळी पडतात. मला घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, हृदय दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतं. त्यातले हे ३ हजार.”

हे होतं कसं? शाळेची घंटा आठवा. शिपाई वेळेवर टोल देतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात असाच एक शिपाई आहे. एखादा वात्रट पोरगा मध्येच, वेळेआधी टोल देतो. तेव्हा हृदयात रक्त पुरतं भरलेलं नसतं. म्हणून तो ठोका मनगटाला नीट लागत नाही. मग हृदय जरा जास्त थांबतं, रक्त जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. म्हणजे ठोका चुकत नाही, बरं का. तो लवकर येऊन जातो. धडधाकट माणसातही असे ठोके पडतात.

माझं रक्त तपासलं. टू-डी इको केला. हृदय चांगलं निघालं, म्हणून गोळी दिली नाही. मात्र शंभरात दहा-पंधराहून जास्त ठोके अवेळी पडत राहिले, तर काहींचं हृदय हळूहळू थकतं. म्हणून तपासणी टाळू नका. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

मी सात कप चहाचे दोन केले. जागरण सोडलं. तंबाखू, मिश्री, दारू असेल तर तीही सोडावी. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मात्र घेऊ नये. अशा काही गोळ्यांनी ठोके उलट बिघडतात.

आता नाडी वाचायला शिका. अक्षरं वाचता, हेही जमेल. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा. घड्याळ लावून एक मिनिट मोजा. अधूनमधून एखादा ठोका निसटला, तर सावकाश डॉक्टरांना दाखवा. पण ठोक्यांना कसलाच ताल नसेल, सगळाच गोंधळ असेल, तर तो आजार निराळा असू शकतो. त्यात हृदयात रक्ताची गाठ होते. ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. त्यावर औषध आहे. दिवस घालवू नका. आणि शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, तर लगेच १०८ ला फोन करा.

परवा मुलीकडे जाऊन आलो. दिवा स्टेशन येईपर्यंत त्या पोरानं दोनदा टोल दिला. मी शेंगदाणे खात बसलो होतो.