नोंदवही सांभाळणारी आजी

जमैकाच्या ट्रेलॉनी पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या हिशेबाने जिल्ह्यात, ड्वानव्हेल नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या दफनभूमीची नोंदवही ऑगस्टस ब्राउन सांभाळत असत. १९९७ साली ते वारले आणि ते काम त्यांच्या पत्नीने हाती घेतले. कोण कधी गेले, कुणाला कुठे पुरले, हे वहीत टिपायचे. ही नवी जबाबदारी घेतली तेव्हा व्हायलेट ब्राउन सत्त्याण्णवच्या घरात होत्या. पुढे आणखी वीस वर्षे त्या जगल्या.

त्यांचा जन्म १० मार्च १९०० चा, मृत्यू १५ सप्टेंबर २०१७ चा. वय ११७ वर्षे १८९ दिवस. त्या जन्मल्या तेव्हा जमैकावर व्हिक्टोरिया राणीचे राज्य होते, आणि आपल्यावरही. म्हणजे आपल्या पणज्या आणि ही आजी एकाच राणीच्या प्रजाजन. त्या प्रजेपैकी ज्यांच्या वयाची खात्री पटलेली आहे, अशा जगातल्या शेवटच्या व्यक्ती व्हायलेट ब्राउन होत्या. मला तर हे वाचून काही वेळ सुचेनासेच झाले.

व्हायलेटच्या वडिलांचे काम उसाचा रस उकळून साखर करण्याचे, म्हणजे आपल्याकडच्या गुऱ्हाळाच्या जवळचे. स्वतः व्हायलेटही उसाच्या शेतात राबल्या. हा ऊस समजून घेतल्याशिवाय त्यांचा बॅप्टिस्ट ख्रिस्ती पंथ समजत नाही. जमैकातला ऊस गुलामांनी पिकवला. १८३१ च्या नाताळात तिथे गुलामांचे मोठे बंड झाले. त्याचा पुढारी सॅम्युएल शार्प हा बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक-पदाधिकारी, होता. १८३२ मध्ये त्याला माँटेगो बेला फासावर चढवले. १८३८ च्या १ ऑगस्टला गुलाम पूर्ण मुक्त झाले. त्याच्या आदल्या रात्री ट्रेलॉनीच्याच फालमाउथ गावात विल्यम निब या बॅप्टिस्ट पाद्र्याच्या मंडळीने एका शवपेटीत साखळ्या, चाबूक आणि गळ्यातले लोखंडी कडे ठेवले आणि ती पेटी मातीत गाडली. गुलामगिरीलाच त्यांनी मूठमाती दिली. व्हायलेट जन्मल्या त्या याच्या जेमतेम ६२ वर्षांनंतर, त्याच पॅरिशमध्ये. इथले चर्च म्हणजे नुसते रविवारी जायचे ठिकाण नव्हते. माणूस म्हणून ताठ उभे राहायला ज्याने बळ दिले, ते घर होते.

बॅप्टिस्ट लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने जाणत्या वयात आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि मग पाण्यात पूर्ण बुडून बाहेर यायचे. व्हायलेटनी हे तेराव्या वर्षी केले, आणि तो शब्द शंभराहून अधिक वर्षे पाळला. चर्चमध्ये ऐंशीहून अधिक वर्षे त्यांनी ऑर्गन वाजवला. ऑर्गन म्हटले की आपल्याला संगीत नाटक आठवते. पण एकाच गावात एकाच माणसाने ऐंशी वर्षे साथ करावी, तीही भजनाला, याची कल्पना करून पाहा. ज्यांच्या लग्नात त्यांनी वाजवले असेल, त्यांच्या नातवंडांच्या लग्नातही त्यांचीच बोटे पट्ट्यांवर असतील.

एवढे आयुष्य कशाने मिळाले, असे कोणी विचारले की त्या दहा आज्ञांमधल्या पाचव्या आज्ञेकडे बोट दाखवीत: आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा, जिच्याबरोबर दीर्घायुष्याचे वचन जोडलेले आहे. शिवाय कष्ट. डुक्कर आणि कोंबडी सोडून सगळे खायचे, रम या दारूला हात लावायचा नाही.

विज्ञानाला या वयाबद्दल काय दिसते, तेही तितकेच थक्क करणारे आहे. प्रौढ वयात मृत्यूची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होत जाते. हा चढ असाच राहिला तर एकशे दहानंतर फार काळ कुणी टिकूच नये. पण अतिवृद्धांच्या आकड्यांत हा चढ मंदावून जणू पठारावर येताना दिसतो. काही अभ्यासकांचा याला आक्षेप आहे. वाद मिटलेला नाही. त्या पठारावर प्रत्येक वर्ष म्हणजे साधारण छापा-काटा: निम्मे टिकतात, निम्मे जातात. एकशे दहापासून एकशे सतरापर्यंत पोहोचायचे तर सात वेळा ओळीने छापा पडायला हवा. १२८ मध्ये एकदा. आणि मुळात एकशे दहा गाठणारेच किती विरळा! त्यांतही बहुतेक सगळ्या बायका.

पण मला सगळ्यांत हलवून टाकते ती आकडेवारी नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी इटलीच्या एम्मा मोरानो गेल्या आणि व्हायलेट जगातल्या सर्वांत वृद्ध व्यक्ती ठरल्या. जमैकाच्या पंतप्रधानांनी अभिनंदन केले. चारच दिवसांनी, १९ एप्रिलला, त्यांचा मुलगा वारला. त्याचे वय ९७. ज्याची आई अजून हयात आहे असा जगातला सर्वांत म्हातारा माणूस तोच असावा, असे मानले जात होते. पणजोबा होण्याच्या वयातही त्याला आई होती. आणि सहा मुलांच्या त्या आईला एकशे सतराव्या वर्षी पुत्रशोक झाला. लांब आयुष्याची ही किंमत आहे, ती पठाराच्या कोणत्याही आलेखात दिसत नाही.

या साऱ्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? कागदाच्या. जगभर अतिवृद्धपणाचे अनेक दावे तपासात कोसळतात. कुठे मोठ्या बहिणीचे नाव चिकटलेले असते, कुठे वय अंदाजे वाढवलेले असते. जमैकात १८७८ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद होत आली आहे, म्हणून १९०० साली एका खेड्यात जन्मलेल्या मुलीचे वय तपासता आले. इतरांच्या मरणाची वही लिहिणाऱ्या बाईचे स्वतःचे वय अशाच एका वहीने सिद्ध केले.

आपल्याकडे कितीतरी आज्यांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. तुमच्या घरी अशी आजी असेल तर या रविवारी तिच्याजवळ बसा. कोणत्या सणाच्या आगेमागे जन्मली, तेव्हा दुष्काळ होता की पूर, कोणते भावंड तिच्यानंतरचे, हे विचारा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.